चार्ट बघून शेअर घ्यायचा तर नेमकं काय बघायचं?

चाकण_शिफ्ट

नमस्कार मंडळी. म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू आहे, ती तशीच चालू राहील. आता वेगळे दोन लाख बाजूला काढलेत, त्यातून थेट शेअर घ्यायचेत. काही महिने ते वर्षभर ठेवायची तयारी आहे. रोजची खरेदी-विक्री करायची नाही आणि जमणारही नाही, कारण शिफ्टमध्ये मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

कंपनीचे निकाल, कर्ज, प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर वगैरे बघायला शिकतोय. गाडी अडते ती चार्टपाशी. आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर, सुपरट्रेंड असे सगळे इंडिकेटर लावून बसलो की एक म्हणतो घे, दुसरा म्हणतो थांब. पाच मिनिटांच्या चार्टवर तेजी दिसते, दिवसाच्या चार्टवर मंदी. विश्वास कशावर ठेवायचा? आणि मुळात या चार्ट वाचण्यात काही दम आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

आलेखकर

दम आहे, पण बहुतेक लोक ज्यासाठी चार्ट बघतात त्यासाठी नाही. उद्या भाव कुठे जाईल हे चार्टवरून कळत नाही. आपला अंदाज चुकला असं कुठल्या भावाला मानायचं, ती जागा मात्र चार्टवर सापडते. ती सापडली की शेअर किती घ्यायचे हेही ठरतं. मी चार्ट बघतो तो मुख्यतः या दोन गोष्टींसाठी.

बहुतेक जण उलटं करतात. आधी "पन्नास हजारांचे घेऊ" असं ठरवतात आणि भाव पडायला लागला की स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, कुठे लावायचा याचा विचार सुरू होतो. तुमच्याच आकड्यांवर बघू. समजा एक शेअर ४८० रुपयांवर आहे आणि गेल्या काही महिन्यांत तो तीनदा ४६० च्या आसपास येऊन वर फिरलाय. म्हणजे तिथे घेणारे उभे आहेत. ४५६ च्या खाली बंद झाला तर ते घेणारे संपले असं मानायचं. शेअरमागे जोखीम २४ रुपये. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त घालवायचं नाही असं ठरवलं, तर दोन लाखांवर २,००० रुपये. २,००० ला २४ ने भागा, ८३ शेअर आले. खरेदी साधारण ४० हजारांची.

आता त्याच शेअरचा जवळचा आधार ४६० ला नसून ४२० ला आहे असं धरा. शेअरमागे जोखीम ६० रुपये झाली आणि शेअर झाले ३३. कंपनी तीच, भाव तोच, पण खरेदी निम्म्याहून कमी. हा फरक चार्ट न बघता तुम्हाला कळलाच नसता.

इंडिकेटरचं म्हणाल तर आधी सगळे काढून टाका. वर लिहिलेले चारही भावातूनच काढलेले असतात. भावात नसलेली नवी माहिती त्यांच्यात कुठून येणार? चार इंडिकेटर सहमत झाले म्हणजे चार साक्षीदार मिळाले असं होत नाही, साक्षीदार एकच असतो. नुसता भाव, खाली व्हॉल्यूम (किती शेअरांचे सौदे झाले) आणि फार तर २०० दिवसांची सरासरी. सुरुवातीला एवढं पुरे.

पाच मिनिटं की दिवस, या प्रश्नासाठी निफ्टीचा जून २०२४ चा पहिला आठवडा उघडून बघा. सोमवारी ३ तारखेला लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी ७३३ अंकांनी वर, बंद २३,२६३. मंगळवारी निकाल आले आणि दिवसभरात २१,२८१ पर्यंत कोसळून बंद २१,८८४, म्हणजे एका दिवसात जवळपास सहा टक्के खाली. पाच मिनिटांच्या चार्टवर तो दिवस जगबुडीसारखा दिसतो. शुक्रवारी ७ तारखेला निफ्टी २३,२९० वर बंद झाला, सोमवारच्याही वर.

आता तोच आठवडा साप्ताहिक चार्टवर बघा. एकच कँडल. बॉडी, म्हणजे आठवड्याच्या पहिल्या आणि शेवटच्या भावामधला जाड भाग, इतकीशी, वरच्या टोकाला, आणि खाली दोन हजार अंकांची लांबलचक विक, म्हणजे बारीक रेघ. ती विक सांगते की इतक्या खाली भाव गेला होता, पण तिथे विकणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त निघाले. तुम्ही महिन्यांच्या हिशेबाने शेअर ठेवणार आहात, तर तुमचा चार्ट आठवड्याचा. नेमका भाव ठरवायला दिवसाचा घ्या. पाच मिनिटांचा उघडूच नका.

निवृत्त_रोखपाल

आलेखकरांशी सहमत. एक जुनी गोष्ट सांगतो, कामाची आहे.

आमच्या वेळी सॉफ्टवेअर नव्हतं. सकाळच्या पेपरातले भाव घेऊन ग्राफपेपरवर पेन्सिलीने रेघा मारायचो. त्यात एक फायदा होता. रोज एकच ठिपका पडायचा, त्यामुळे घाई व्हायची नाही.

चाकण_शिफ्ट, सेन्सेक्सचा सुरुवातीपासूनचा मासिक चार्ट उघडा आणि त्यात १९९२ शोधा. साध्या स्केलवर काही दिसणारच नाही, जमिनीला चिकटलेली रेघ असेल. पण एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता, हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं आणि वर्षभरात तो निम्म्याहून खाली आला. ज्यांनी ते पाहिलं त्यांना विचारा. आता चार्टच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉग स्केल करा. ती पडझड लगेच डोळ्यांत भरेल, कारण लॉग स्केलवर समान टक्केवारीला समान उंची मिळते. हजाराचे दोन हजार आणि चाळीस हजारांचे ऐंशी हजार सारखेच दिसतात. आपले पैसे टक्क्यांत वाढतात आणि टक्क्यांतच बुडतात. त्यामुळे काही वर्षांचा चार्ट बघताना लॉग स्केलच ठेवा.

तिथेच आणखी एक गोष्ट दिसेल. सप्टेंबर १९९४ मध्ये सेन्सेक्स १९९२ च्या शिखराच्या थोडा वर गेला. आजच्या भाषेत ब्रेकआउट. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आणि डिसेंबर १९९६ मध्ये सेन्सेक्स तीन हजारांच्या खाली गेला होता. पाच हजारांचा आकडा पहिल्यांदा दिसला तो १९९९ च्या ऑक्टोबरात. जुना उच्चांक मोडला की आता रस्ता मोकळा, असं पुस्तकात वाचाल तेव्हा हा चार्ट आठवा.

चाकण_शिफ्ट

काका, लॉग स्केल लावून बघितलं. २००८ आणि १९९२ एकाच उंचीचे खड्डे दिसायला लागले, अंगावर काटा आला.

मग ब्रेकआउट खरा की खोटा हे ओळखायचं कसं?

ओवी_डोंबिवली

खात्रीने ओळखता येत नाही. येत असतं तर खोटा ब्रेकआउट झालाच नसता, सगळ्यांनी आधीच ओळखला असता. शक्यता थोड्या आपल्या बाजूला झुकवता येतात, तेवढंच.

मी तीन गोष्टी बघते. एक, भाव जुन्या उच्चांकाच्या रेषेच्या वर बंद झाला का. दिवसात वर जाऊन आला याला मी किंमत देत नाही. इथे एक बारकावा आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. एनएसईवर शेअरचा बंद भाव म्हणजे साडेतीन वाजताचा शेवटचा सौदा नव्हे. वर्षानुवर्षे तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांच्या भारित सरासरीने काढला जात आलाय. त्यामुळे १५ मिनिटांच्या चार्टवरचा शेवटचा भाव आणि दिवसाच्या चार्टवरचा बंद भाव यांत थोडा फरक दिसतो. रेषा अगदी जवळ असेल तर या फरकाने "ब्रेकआउट झाला" आणि "नाही झाला" एवढं अंतर पडतं. म्हणून रेषेच्या दोन-चार आणे वर बंद झालेल्या भावावर उड्या मारू नका.

दोन, व्हॉल्यूम. आणि नुसता व्हॉल्यूम नाही, त्यातली डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे किती शेअर खरोखर घेणाऱ्याच्या खात्यात गेले. एनएसई रोज संध्याकाळी ती जाहीर करते. व्हॉल्यूम तिप्पट झाला पण डिलिव्हरी नेहमीच्या निम्म्यावर आली, तर ते बहुतेक त्याच दिवशी घेऊन विकणारे. संध्याकाळी शेअर घरी नेणारे कमीच.

तीन, बाकीचा बाजार आणि त्या क्षेत्रातले बाकीचे शेअर. औषध कंपन्या सगळ्या पडतायत आणि एकटीच वर निघाली, तर आधी कारण शोधते.

आरएसआयबद्दल एक. भाव किती जोराने चढला-पडला ते ० ते १०० मध्ये सांगणारा हा आकडा. वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये तो मांडला, १४ दिवसांचा, ७० वर "जास्त खरेदी" आणि ३० खाली "जास्त विक्री". लोक ७० दिसलं की विकतात. पण जोरदार तेजीत आरएसआय कितीतरी दिवस सत्तरच्या वर राहू शकतो, आणि पडत्या शेअरमध्ये तिशीच्या खाली. भाव एका पट्ट्यात वरखाली करत असेल तेव्हा तो उपयोगी. म्हणजे आधी भाव पट्ट्यात आहे की एका दिशेने चाललाय हे तुम्हालाच बघावं लागतं, आणि ते आरएसआयशिवाय दिसतं.

हिशेबी

चर्चा चांगली चाललीय, पण नव्या माणसाला आधी हे आकडे कळले पाहिजेत. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे आणि ऑप्शनमध्ये (पुढच्या तारखेच्या भावावरचे करार) सौदे करणाऱ्या सामान्य लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. त्याआधी जुलै २०२४ मध्ये शेअरमधल्या इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, अभ्यास आला होता, त्यात दहापैकी सात तोट्यात. यातल्या बहुतेकांकडे चार्ट होते, इंडिकेटर होते, अनेकांनी क्लासही लावले असणार.

क्लासवरून आठवलं. आमच्या भागात एक जण लाइव्ह चार्टवर "आता घ्या, आता विका" सांगत शिकवायचा आणि त्याला शिक्षण म्हणायचा. माझ्या चुलतभावाची वर्षभराची बचत त्यात गेली. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की नुसतं शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून कुठल्या शेअरबद्दल बोलायचं नाही. ताज्या भावावर शेअर सुचवायचा तर सेबीकडे नोंदणी हवी, आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फी भरण्याआधी तेवढं करा.

खर्चाचंही गणित मांडा. डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा कर), विकताना पुन्हा ०.१. वर स्टॅम्प ड्युटी, विकताना डीपीचा (डीमॅट खातं सांभाळणाऱ्याचा) आकार. वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर. वर्षानंतर साडेबारा टक्के, तेही वर्षाच्या एकूण सव्वा लाख नफ्याच्या वर. चार्ट बघून उगाच महिन्याला आत-बाहेर करणाऱ्याचा नफा इथेच झिजतो.

आलेखकर

हिशेबींनी दिलेले आकडे प्रत्येकाने वाचावेत. ऑप्शनमध्ये चार्ट बरोबर वाचूनही पैसे जातात, कारण दिशा बरोबर आली तरी वेळ चुकली की ऑप्शनसाठी मोजलेला प्रीमियम वितळतो. चाकण_शिफ्ट, तुम्ही त्या वाटेला जात नाही आहात हे उत्तम.

आधारपातळीबद्दल मात्र मी वर जे लिहिलं त्याला एक मोठी मर्यादा आहे. येस बँकेचा चार्ट बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या वर. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांचा कार्यकाळ कमी केल्यावर एका दिवसात तीस टक्क्यांच्या जवळपास घसरण. त्यानंतर दोनशे, दीडशे, शंभर, पन्नास, प्रत्येक ठिकाणी चार्टवर "आधार" दिसत होता आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी घेतला. "इतका पडला, आता अजून किती पडणार" हे वाक्य तेव्हा रोज कानावर पडायचं. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना ५० हजारांची मर्यादा, आणि दुसऱ्या दिवशी भाव काही काळ एक आकडी झाला. पुढे पुनर्रचनेच्या योजनेत शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले. स्टॉपलॉस कुठेही लावलेला असो, विकण्याची परवानगीच नव्हती.

म्हणून सगळा पैसा एका शेअरात नाही. चार्ट कितीही सुंदर असू दे.

मांजराकाठ

मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी, शेअर घेत नाही. पण भावाचा आलेख मीही ठेवतो, सोयाबीनचा. तुमच्या बोलण्यातलं बरंच आमच्या मोंढ्याला लागू पडतं आणि काही पडत नाही, म्हणून लिहितोय.

ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. आलेख नुसता वर. गावात जो तो म्हणत होता दिवाळीला बारा होणार. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि मागोमाग नव्या मालाची आवक सुरू झाली. दसऱ्यापर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. दिवसाचा भाव बघणाऱ्याला ते अचानक वाटलं. पण आवकेचे आकडे आणि सोयापेंडेची बातमी बघणाऱ्याला आधी चाहूल लागली होती.

बाजार समितीचा आलेख वाचताना तीन दर असतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. पेपरात कमाल दर ठळक छापतात. तो एखाद्या चांगल्या लॉटला मिळालेला असतो. आपण बघायचा सर्वसाधारण, आणि शेजारी आवक किती क्विंटल. आवक शंभर पोती असताना मिळालेला भाव आणि वीस हजार पोती असताना मिळालेला भाव, आलेखावर ठिपका सारखाच पडतो. ओलाव्याचंही तसंच. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलावा चालतो. नवा माल त्याहून ओला असतो, म्हणून ऑक्टोबरचा कमी दर थेट जानेवारीच्या दराशी जोडला की चुकीची तेजी दिसते.

आणि एक गेलेली सोय. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले, तेव्हापासून बंदीला मुदतवाढ मिळत गेली. पेरणी करताना पुढच्या महिन्यांचा भाव कुठे दिसतोय हे आधी निदान समजायचं. आता आम्ही अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदे बाजाराचा भाव बघून डॉलरने गुणत बसतो. तुमच्या कँडल चार्टचं नाव जपानमधल्या तांदळाच्या व्यापाराशी जोडतात, ओसाकाच्या दोजिमा बाजारात अठराव्या शतकात तांदळाचे वायदे चालायचे. म्हणजे ही विद्या मुळात धान्याच्या बाजारातली. आणि आज आम्हा सोयाबीन पिकवणाऱ्यांकडेच पुढचा भाव बघायला वायदा नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चाकण_शिफ्ट

मांजराकाठ दादा, आवकेचं वाचून व्हॉल्यूम म्हणजे काय ते नीट समजलं. मनापासून आभार.

कृष्णामाई

एक राहिलं. चार्टवर पडलेला भाव दिसला म्हणजे तो पडलाच असं नाही. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली. आदल्या दिवशी बंद २,८४१.८५, त्या दिवशी खास सत्रात भाव निघाला २,५८०. फरक २६१.८५ रुपये, तो वेगळ्या झालेल्या कंपनीचा भाव. भागधारकाचं काही गेलं नव्हतं. पण भाव समायोजित न केलेल्या चार्टवर नऊ टक्क्यांची दरी दिसते. बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) यांच्या वेळीही हेच. काही चार्ट आपोआप जुळवून घेतात, काही अशी कंपनी वेगळी होते तेव्हा घेत नाहीत. मोठी दरी दिसली की आधी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर त्या तारखेची घोषणा शोधा, मग मत बनवा.

आणि उलटी बाजू रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या आयआरसीटीसीची. २८ ऑक्टोबर २०२१ ला स्प्लिट झाला, त्याच संध्याकाळी बातमी आली की सुविधा शुल्काचा निम्मा हिस्सा रेल्वेला द्यावा लागणार. दुसऱ्या दिवशी शेअर पाव भागाहून जास्त कोसळला, मग निर्णय मागे घेतल्याचं कळलं आणि बहुतेक घसरण भरून निघाली. ज्यांचे स्टॉपलॉस सिस्टीममध्ये लावलेले होते ते तळाशी विकले गेले. चार्टवर आज एक लांब विक दिसते फक्त.

चाकण_शिफ्ट

ताई, हे वाचून नेमका तोच प्रश्न पडला. मी दिवसभर मोबाइलपासून लांब. स्टॉपलॉस सिस्टीममध्ये लावला तर आयआरसीटीसीसारख्या दिवशी उगाच बाहेर पडणार. नाही लावला तर येस बँकेसारखा अडकणार. मग करायचं काय?

आलेखकर

दोन पातळ्या ठेवा. वरच्याच उदाहरणात पहिली पातळी ४५६, ती बंद भावावर. रात्री घरी आल्यावर बघायचं, त्याखाली बंद झाला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी विकण्याची ऑर्डर झोपण्याआधी टाकून ठेवायची. सकाळी उठून फेरविचार नाही. दुसरी पातळी बरीच खाली, समजा ४४०, ती जीटीटी (भाव तिथे आला की आपोआप जाणारी ऑर्डर) म्हणून सिस्टीममध्ये. ती फक्त वाईट दिवसासाठी.

यात दोन गोष्टी सांभाळा. शेअरची संख्या आता ४५६ नाही, ४४० धरून काढायची, कारण वाईट दिवशी तुम्ही तिथे बाहेर पडणार. जोखीम ४० रुपये, म्हणून ५० शेअर, ८३ नाहीत. दुसरं, जीटीटीमध्ये ट्रिगर (कुठल्या भावाला ऑर्डर जायची) आणि लिमिट (कमीत कमी कुठल्या भावाला विकायचं) असे दोन भाव भरावे लागतात. दोन्हीकडे ४४० टाकलं आणि शेअर सकाळी ४३० ला उघडला, तर ऑर्डर जाते पण ४४० ला घेणारा नसल्याने तशीच पडून राहते. ट्रिगर ४४० असेल तर लिमिट ४२५ वगैरे ठेवा, विक्री मिळेल त्या भावालाच होते. बाजार ४१० ला उघडला तर हेही पुरणार नाही, आणि शेअर खालच्या सर्किटला (एका दिवसात भाव उतरायची मर्यादा) लागला तर घेणाराच नसतो. त्यामुळे दोन-पाच टक्क्यांच्या सर्किटमध्ये फिरणारे छोटे शेअर, रोज वरचं सर्किट लागून चार्ट कितीही देखणा दिसला, तरी तुमच्यासारख्या दिवसभर दूर असणाऱ्याने यादीतूनच काढावेत.

तिमाही निकालाची तारीख एक्स्चेंजवर आधी जाहीर होते. ती कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि नवी खरेदी त्या तारखेनंतर करा.